तीनशे फूट अलीकडचा खिळा

रोलंड थिबोडो प्रामाणिक माणूस आहे. आमच्या केंडल फॉल्समध्ये कुणालाही विचारा, हेच सांगतील. चर्चमधले सांगतील, कागदाच्या मिलमधले सांगतील, ज्यांचं त्याच्याशी दहा वर्षांत भांडणाशिवाय बोलणं झालेलं नाही तेसुद्धा सांगतील. फक्त मला विचारू नका. मी त्याला तीस वर्षांहून जास्त ओळखते, माझ्या नवऱ्याचा तो जिवलग मित्र होता, आणि आज त्याचं नाव निघालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तरी सुरुवात त्याच्या चांगल्यापासून करते, कारण चांगलं होतं. भरपूर होतं.

अठराव्या वर्षी तो मिलमध्ये लागला. चार नंबरच्या मशीनवर, आठ तास उभं राहून ओल्या कागदाचा पट्टा सांभाळायचा. पाळी सुटली की बाकीचे गाडीत बसून बारकडे वळायचे, हा बूट बदलून सहा मैल पळत घरी जायचा. सन सहासष्ट-सदुसष्टची गोष्ट. तेव्हा रस्त्यावर पळणारा मोठा माणूस म्हणजे एकतर चोर, नाहीतर खुळा. ट्रकमधून लोक बियरचे डबे फेकून मारायचे. "काय रे थिबोडो, कुणाचा नवरा मागे लागलाय?" असं ओरडायचे. हा मान वर करायचा नाही. बर्फात, पावसात, नदीकाठच्या रस्त्याने तसाच पळत राहायचा.

माझा नवरा लूशन त्याच्याच पाळीत होता. एक दिवस घरी आला तो घामाने निथळत, ओठ निळे पडलेले.

"हे काय?" मी विचारलं.

"रोलंडबरोबर आलो. तो वेडा एकटाच कुठेतरी मरून पडेल. कुणीतरी सोबत पाहिजे."

"मग दोघं मराल."

"दोघं असलो तर एकजण येऊन सांगेल तरी," लूशन म्हणाला, आणि बूट घातलेलेच ठेवून स्वयंपाकघरात आडवा झाला.

पाच-सहा वर्षांत ते दोघांचे पंधरा झाले. मिलमधले, शाळेतला एक मास्तर, एक पोस्टमन, एक कुणी लाकूडतोड्या. आठवड्याला शंभर-सव्वाशे मैल पळायचे. काम सुटायच्या आधी, सुटल्यावर, रविवारी वीस मैल. कुणाला त्याबद्दल छदाम मिळत नव्हता. मिळाला असता तरी घेता येत नव्हता, कारण शर्यतींच्या संघटनेतल्या वरच्या साहेबांचा नियमच होता की पळण्याचे पैसे घेतले की नाव बाद. साहेब स्वतः विमानाने फिरायचे. रोलंड एकदा बॉस्टनजवळ शर्यत जिंकून बक्षीस म्हणून गोठवलेली टर्की कोंबडी घेऊन आला. सगळ्यांनी आमच्या अंगणात ती खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत पळायला गेले.

अमेरिकाभर तेव्हा असंच होतं. गावोगावी असले वेडे होते. एकमेकांना पाहून पळायचे, एकमेकांना मागे टाकायचे. सत्त्याहत्तर साली आम्ही आमची स्वतःची मॅरेथॉन सुरू केली. गावातून नदीकाठच्या रस्त्याने वर जायचं, रस्त्यात ठोकलेल्या खिळ्यापाशी वळायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन मी उभी. एकोणऐंशी साली रोलंड दोन तास चौदा मिनिटं बावन्न सेकंदांत आला. आणि पाचव्या नंबरावर माझा लूशन. दोन तास एकोणीस मिनिटं अडतीस सेकंद. घड्याळाचं बटण मी दाबलं. अगदी बरोबर दाबलं.

दोन तास वीस मिनिटांच्या आत मॅरेथॉन पळणं म्हणजे काय, हे पळणाऱ्यालाच कळतं. आमच्या क्लबचे अकरा जण त्या रस्त्यावर वीसच्या आत पळाले. त्या अकरा जणांची नावं आणि वेळा एका मेपलच्या फळीवर कोरून चर्चच्या हॉलमध्ये लावली. गावातली पोरं पहिल्या कम्युनियनला, चर्चमधला पहिला प्रसाद घ्यायला आली की आया त्यांना ती फळी दाखवायच्या.

आणि मग सगळं उतरणीला लागलं. कसं लागलं ते मला नीट सांगता येणार नाही, पण लागलेलं मी पाहिलं. अकरांमधल्या कुणाचे गुडघे गेले, कुणाचं लग्न गेलं. मिलने दोन मशीन बंद केल्या. शाळेत नवे कोच आले, ते म्हणाले की पोरांना एवढं पळवणं हानिकारक आहे, आठवड्याला तीस मैल पुष्कळ. पोरांना काय, बरंच झालं. शर्यतीला गर्दी वाढत गेली आणि पुढच्या टोकाला माणसं कमी होत गेली. अठ्ठ्याण्णव साली आमची शर्यत जिंकणाऱ्याला दोन तास चौतीस मिनिटं लागली. एकोणऐंशीत तेवढ्या वेळात आलेल्या माणसाला मी पाणीसुद्धा लगेच दिलं नसतं, पुढचे तीस जण अजून पाणी पीत असायचे.

रोलंडला हे सहन होत नव्हतं. शर्यत संपली की तो माईक घ्यायचा आणि बक्षीस घेणाऱ्या पोरासमोरच बोलायचा, "त्या फळीवर अकरा नावं आहेत. आठ तास मशीनवर उभं राहून पळालेत ते. तुम्हाला दर दोन मैलांना ताकदीसाठी गोड चिकट रसाच्या पुड्या लागतात!" पोरं खाली मान घालायची. मी टाळ्या वाजवायचे. हो, मीच. मला वाटायचं, माझ्या मेलेल्या नवऱ्याची बाजू घेऊन कुणीतरी बोलतंय.

रस्ता मोजायचं कामही रोलंडचंच. त्र्याऐंशी साली नियम कडक झाले, तेव्हा तो ते शिकून आला. सायकलच्या पुढच्या चाकाला आकडे मोजणारं यंत्र लावायचं, पोलादी टेपने मोजलेल्या पट्ट्यावर ते आधी पारखून घ्यायचं, आणि मग पळणारा जितका जवळचा मार्ग घेईल तितक्याच जवळून, वळणाच्या आतल्या कडेने सायकल चालवायची. जिथे वळायचं तिथे डांबरात वॉशर लावून खिळा ठोकायचा. शर्यतीच्या दिवशी त्या खिळ्यावर नारिंगी शंकू ठेवला की झालं. या कामात रोलंडचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता. एक फूट इकडचा तिकडे झाला तर त्याला झोप यायची नाही.

आता कोरीबद्दल सांगते. कोरी प्लूर्ड, माझ्या बहिणीचा, कोलेटचा मुलगा. चोवीस वर्षांचा, छपरं शाकारायचं काम करतो. आमच्याकडे मावशीला मातांत म्हणतात. तो मला रागातसुद्धा मातांतच म्हणतो. शाळेत त्याला कुणी पळू दिलं नाही तसा, तीस मैलांत गुंडाळलं. मग एकोणिसाव्या वर्षी तो आपणहून रोलंडच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "कोच, मला त्या अकरा जणांसारखं पळायचंय."

रोलंडने त्याला पाच वर्षं घासलं. शंभर मैल, एकशे दहा मैल. दिवसभर छपरावर, संध्याकाळी रस्त्यावर. त्याला शिव्या दिल्या, त्याच्यासाठी रविवारी पॅनकेक केले. दोघांचं लक्ष्य एकच होतं. सन दोन हजारात ऑलिंपिकचा संघ निवडायची शर्यत होती, आणि तिच्यात उभं राहायला आधी कुठेतरी दोन तास बावीस मिनिटांच्या आत पळून दाखवावं लागायचं. जिंकायचं नाही, नुसतं उभं राहायचं. आमच्या गावातून तिथे आजवर कुणी गेलं नव्हतं. त्या अकरा जणांच्या वेळी अट याहून कडक होती, आणि रोलंडला ज्या वर्षी जमलं असतं त्या वर्षी त्याचं पाऊल मोडलेलं होतं.

नव्व्याण्णवच्या ऑक्टोबरात, आमच्याच रस्त्यावर, कोरी दोन तास एकवीस मिनिटं एकतीस सेकंदांत आला. घड्याळ माझ्या हातात होतं. शेवटच्या पाव मैलात त्याने घड्याळाकडे पाहिलं, हसला, दोन्ही हात वर केले, कडेच्या पोरांना टाळ्या देत देत आला. कोलेट रस्त्यात बसून रडली. मीही रडले. रोलंड रडला नाही. तो कागदावरच्या मैलामैलाच्या वेळा पाहत होता.

दुसऱ्या दिवशी तो दुपारी माझ्या स्वयंपाकघरात आला. क्लबची सेक्रेटरी मी, त्यामुळे त्याची पत्रं टाइप करायचं काम माझं. हाताने लिहिलेला कागद त्याने टेबलावर ठेवला.

"हे आजच पाठवायचं, जिनेट."

मी टाइपरायटरसमोर बसले. पत्र शर्यतींच्या रस्त्यांची मापं नोंदवणाऱ्या मंडळाला होतं. त्या उन्हाळ्यात पुलाची मोरी दुरुस्त करताना वळणाचा खिळा नव्या डांबराखाली गेला. शंकू ठेवायला गेलेल्या अग्निशमनच्या दोघा पोरांना तो सापडला नाही. तीनशे फूट अलीकडे त्यांना दुसरा एक खिळा दिसला, वॉशर लावलेला, तसाच. त्यांनी शंकू त्यावर ठेवला. जाताना तीनशे, येताना तीनशे, म्हणजे शर्यत सहाशे फूट कमी पळवली गेली. म्हणून कालच्या कुणाचीही वेळ ग्राह्य धरू नये.

माझे हात थांबले. "कोरीची?"

"सगळ्यांची. सहाशे फूट म्हणजे सदतीस सेकंद. एकवीस-एकतीसमध्ये सदतीस मिळव."

बावीस मिनिटं आठ सेकंद. आठ सेकंद! मी कपाळावर हात मारला. पण नियम होता आणि रोलंड होता. मी पुढची ओळ टाइप करायला घेतली. ती अशी होती: 'हा दुसरा खिळा १९७७ ते १९८२ या काळातील शर्यतींच्या वळणाचा असून, मोटारीच्या मीटरवरून ठरवलेला होता.'

मी ती ओळ दोनदा वाचली. रोलंड खिडकीबाहेर पाहत होता. माप लिहिताना त्या माणसाला खोटं लिहिता येत नाही, हे मला ठाऊक होतं. कागदावर त्याने खरं लिहिलं होतं, आणि हा कागद कोण टाइप करणार याचा त्याला विचारच सुचला नव्हता.

"रोलंड, सत्त्याहत्तर ते ब्याऐंशी?"

तो खिडकीबाहेरच पाहत राहिला.

"म्हणजे एकोणऐंशीला तुम्ही सगळे इथूनच वळलात. या खिळ्यावरून."

"हो."

"आणि तुला हे कधी कळलं?"

"त्र्याऐंशीत. पहिल्यांदा सायकलने मोजलं तेव्हा."

सोळा वर्षं. सोळा वर्षं हा माणूस माईकवरून पोरांची लाज काढत होता, आणि त्याच्या पोटात हे होतं. मी खुर्ची मागे ढकलली ती पडली.

"लूशनला सांगितलंस?"

"कसं सांगू? तेव्हा मिलने त्याला काढलं होतं, पाठ गेली होती त्याची. त्याच्याकडे ते वीसच्या आतलं तेवढंच होतं, जिनेट."

"मग तो बरा झाल्यावर?"

"तेव्हा... वेळ निघून गेली होती."

"आणि तो गेल्यावर? एक्क्याण्णवमध्ये? मी तुझ्याकडे आले होते! थडग्याच्या दगडावर कोरायला वेळ लिहून दे म्हणाले. तू लिहून दिलीस. तुझ्या त्या सुबक अक्षरात. २:१९:३८. दगड बसवताना तू माझ्या शेजारी उभा होतास, रोलंड. माझा हात धरून!"

"मला वाटलं, तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी? तुझ्या चौदा-बावन्नसाठी! सदतीस सेकंद मिळवले असते तरी तू पंधरा-एकोणतीस होतास. आजही या राज्यात तुला कुणी गाठलं नसतं. तुझं काय जात होतं?"

"माझं नाही. अकराचे सात होतात. फळीवरचे चार जण उतरतात. त्यात लूशन आहे."

"मग लूशनला उतरू द्यायचं होतं! तो मोठा माणूस होता, त्याला पेललं असतं. तू कोण त्याच्या वतीने ठरवणारा?"

त्याने कागद उचलला आणि म्हणाला की पत्र तो स्वतः टाइप करून घेईल. मी म्हटलं, दे इकडे. आणि शेवटच्या ओळीपर्यंत टाइप केलं, एक अक्षर न बदलता. पाकिटावर तिकीट लावलं. मग त्याला सांगितलं, "पोराचं खरं तू आज सांगतोयस. आता आपलं सांग. पुढच्या महिन्यात चर्चच्या हॉलमध्ये बीन्सचं गावजेवण आहे. तू तिथे बोललास तर ठीक, नाहीतर मी बोलेन."

कोरीला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं, माझ्या समोर. सत्त्याहत्तरचा विषय सोडून. कोरी शिडीवरून उतरला होता, हाताला डांबर लागलेलं. ऐकून घेतलं. हाताचं डांबर पँटला पुसलं.

"शेवटच्या पाव मैलात मी हळू झालो," तो म्हणाला. "तीस सेकंद हातात आहेत असं वाटलं मला. आठ सेकंद होते, कोच. माझ्यात आठ सेकंद होते."

"माहीत आहे," रोलंड म्हणाला.

"पण तुम्ही बरोबर केलंत. नियम तो नियम." आणि त्या पोराने त्याच्याशी हात मिळवला! मी तोंड फिरवलं, नाहीतर तिथेच सगळं ओकले असते.

डिसेंबरात दक्षिणेला एक सपाट शर्यत होती. दोन महिन्यांत दुसरी मॅरेथॉन पळू नये हे कुणालाही कळतं, पण मुदत संपत आली होती. नोव्हेंबरभर कोरी थकलेल्या पायांनी त्याचीच तयारी करत होता.

बीन्सच्या जेवणाला दीडशे माणसं आली. मातीच्या हंड्यांतले बीन्स, तपकिरी पाव, कोबी, लाल सॉसेज. जेवण होत आलं तसा रोलंड उठला. मी त्याच्याकडे पाहत होते. तो फळीखाली उभा राहिला आणि मोजणीचा अहवाल वाचावा तसा बोलला. मोटारीचा मीटर, सायकलचं यंत्र, तीनशे फूट, सदतीस सेकंद, अकराचे सात. कुणाची माफी नाही, कशाचं वाईट वाटलं नाही. मग म्हणाला, "ही गोष्ट मला त्र्याऐंशीपासून माहीत होती," आणि थांबला.

 आणि मग, देवा, लोकांनी टाळ्या वाजवल्या. फादर उभे राहिले, त्यांच्यामागे सगळे उभे राहिले. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "याला म्हणतात प्रामाणिकपणा." मी ताट ढकललं. सोळा वर्षं तोंडाला कुलूप लावलं, मी मान धरली तेव्हा उघडलं, आणि ते उघडल्याबद्दल टाळ्या! खरं कळल्या कळल्या सांगितलं असतं तर कुणी टाळी वाजवली नसती. एक फळी नव्याने कोरली असती, एवढंच.

टाळ्या न वाजवणारे आम्ही दोघंच होतो. मी आणि कोरी. तो बसून होता. टाळ्या संपल्या तेव्हा तो उठला. आवाज चढवला नाही.

"कोच, नवा खिळा ठोकला की जुना उपटायचा. हे तुम्हीच मला शिकवलंत. उपटता नाही आला तर ठोकून डांबरात घालायचा. मग हा का राहिला?"

हा प्रश्न मला एवढ्या दिवसांत सुचला नव्हता. रोलंड फळीखालून बाजूला झाला. फळीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही.

"माझा रविवारचा पल्ला त्याच रस्त्याने असतो," तो म्हणाला. "मी अजून तिथूनच वळतो. एवढ्या वर्षांत एकदाही पुढे गेलो नाही."

बावन्न वर्षांचा माणूस. दर रविवारी, एकटा, कुणी पाहत नसताना, तीनशे फूट अलीकडून वळत होता. क्षणभर मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. पण लगेच कोरीचा चेहरा दिसला आणि दया गेली. कारण याला तिथून वळता यावं म्हणून तो खिळा तिथे राहिला, आणि तो तिथे होता म्हणून शंकू त्यावर बसला.

कोरीने जाकीट घातलं. "मातांत, मला घरी सोडशील?" एवढंच म्हणाला. 

डिसेंबरातल्या शर्यतीत अठराव्या मैलाला त्याच्या पायाच्या हाडाला चीर गेली. तो चालत दोन मैल आला आणि मग बसला. मुदत संपली.

लोक मला विचारतात, दगडावरची वेळ बदलणार का. नाही बदलणार. घड्याळ मी दाबलं होतं. लूशनला जिथून वळ म्हटलं तिथून तो वळला, आणि तिथून तो दोन तास एकोणीस मिनिटं अडतीस सेकंदांत माझ्यापर्यंत आला. खोटं त्याचं नाही. ज्याचं आहे त्याने आपल्या दगडावर काय कोरायचं ते बघावं. फळीवरून मात्र लूशनचं नाव मी स्वतः उतरवलं.

मे महिन्यात निवडीची शर्यत झाली. त्या दिवशी भयंकर उकाडा होता, चांगले चांगले गळाले. त्या वर्षी ऑलिंपिकच्या मॅरेथॉनला अख्ख्या अमेरिकेतून एकच पुरुष गेला. एक. ज्या देशात एकेका गावात अकरा असायचे, निदान सात असायचे, तिथून एक. टीव्हीवर मोठमोठे लोक गंभीर चेहरे करून विचारत होते की आपले पळणारे गेले कुठे. मी टीव्हीकडे बघून ओरडत होते. एक इथे समोरच्या घरावर आहे, छपराला पत्रे ठोकतोय, या आणि बघा!

कोरी तिथे गेला असता तर जिंकला नसता. विसावाही आला नसता. सत्तरावा आला असता, फार तर साठावा. पण साठावा आला असता. त्याच्या छातीवर आकडा असता, आणि रेषेवर उभं असताना कुणीतरी त्याला विचारलं असतं की तू कुठला.

रोलंड अजून पळतो. परवा माझ्या दारावरून गेला, हात केला. मी केला नाही.